मनगटाची सोनोग्राफी

“सोनोग्राफीची मशीन आणा इकडं,” असं ती डॉक्टरीण म्हणाली तेव्हा मी टेबलावर उताणा पडलेलो होतो. उजवा हात फळीवर पसरलेला, मनगटात तीन टोचे बसलेले, अंगावर हिरवं फडकं. ते ऐकलं अन् माझं डोकंच फिरलं.

सोनोग्राफी बायांची असते. तीही बाई पोटुशी असली तर. एवढं आमच्याकडं लहान लेकरालाही ठाऊक आहे. मी सत्तरी ओलांडलेला, मिशीला पीळ देणारा माणूस, अन् चार लोकांसमोर माझी सोनोग्राफी?

“कोनाची?” मी विचारलं.

“तुमची, आजोबा.”

“कायले? मी काय पोटुशी हाय का?”

हातमोजे घातलेला मोठा डॉक्टर हसला, नर्स हसली, काचेपलीकडं बसलेला माणूससुद्धा हसला. डॉक्टरीण तेवढी हसली नाही. वयानं ती माझ्या थोरल्या नातीपेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठी असेल. म्हणाली, “पोटाची नाही, मनगटाची करायची आहे. तुमची नाडी हाताला लागत नाही, म्हणून डोळ्यांनी बघते.”

“नाडी बोटानं पाह्यतेत. वैद्याचं सात पिढ्यांपासून तसंच हाय.”

“सरांनी तीनदा बोटानंच पाहिली ना. सापडली का?”

चाकाची मशीन घरघरत आली. तिचा तो पांढरा रंग, वरचा छोटा टीव्ही, वायरला लटकलेली दांडी मी तिरप्या नजरेनं पाहिली, अन् माझ्या छातीत आधीच जे दुखत होतं त्याच्या शेजारी दुसरंच काही दुखायला लागलं. ते काय होतं ते सांगायलाच मी ही वही घेऊन बसलो आहे. चौथीपर्यंत शिकलेला माणूस आहे, अक्षर वेडंवाकडं आहे, पण नातीला सांगून लिहून घ्यायची ही गोष्ट नाही. ही माझ्याच हातानं लिहिली पाहिजे.

त्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं कपाशी आतून खाल्ली होती. आमचं गाव उंद्रीच्या अलीकडं, काळी जमीन, सगळीकडं कपाशीच. वरून बोंड हिरवंगार, टणक. फोडलं की आत अळी बसलेली अन् सरकी काळी पडलेली. मी बांधावर बसून बोंडं फोडून पाहत होतो. एक फोडलं, दुसरं फोडलं, दहावं फोडलं. एकही चांगलं निघेना. मी हट्टानं फोडतच राहिलो, अन् मग छातीवर कोणी जात्याची तळी ठेवल्यासारखं झालं. घाम सुटला. मला वाटलं, हे बोंडांचंच दुःख असेल.

आधी सुनेनं पाहिलं. ती पलीकडच्या तासात, म्हणजे ओळीत, उरलासुरला कापूस वेचत होती. मला वाकडा झालेला पाहून तिनं ओटीतला कापूस तिथंच सांडला अन् शेताच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या माझ्या मुलाकडं धावत गेली. मला हाक मारली नाही, काय होतं म्हणून विचारलं नाही. ती माझ्याशी बोलत नाही. बारा वर्षं झाली होती तेव्हा.

आमच्यात सुनेनं सासऱ्यापुढं पदर घ्यावा, समोरासमोर बोलू नये, अशी रीत आहे. आता ती कोणी पाळत नाही. पण आमची सून पाळायची, अन् मला त्याचा मोठा गर्व होता. पारावर बसलो की मी सांगायचो, “आमच्या सुनेनं बारा वर्सांत डोया वर करून पाह्यलं नाई मह्याकडं. मर्यादा इचारावं तर आमच्या घरी.” म्हातारी होती तोवर माझं ताट म्हातारी वाढायची. ती गेल्यावर सून ताट आणून उंबऱ्यावर ठेवायची अन् चमच्यानं दोनदा वाजवायची. टण् टण्. म्हणजे मी समजायचं, जेवण आलं. लोक हे ऐकून माना डोलवायचे. एक जण तर म्हणाला, “माह्या सुनेले धाडतो तुमच्याकडं शिकाले.”

मुलानं गाडी करून मला बुलढाण्याला आणलं. दवाखान्याचं नाव कशाला लिहू, चांगली माणसं होती. इंजेक्शनं दिली, छातीला वायरी लावून हृदयाची पट्टी काढली, सकाळी म्हणाले, हृदयाची एक नळी बंद पडली आहे, आत तार घालून उघडावी लागेल, थांबायला वेळ नाही. सरकारी योजनेसाठी रेशनकार्ड लागत होतं, ते घरी राहिलेलं. मुलगा ते आणायला परत गेला. म्हणून माझ्याजवळ सून एकटीच राहिली.

मोठा डॉक्टर खाटेपाशी येऊन समजावून सांगत होता. “तार मनगटातून घालतो, आजोबा. तिथून थेट हृदयापर्यंत जाते. दुसऱ्या दिवशी चालत घरी. मनगटातून जमलं नाही, तर मांडीतून.”

“मांडीतून नाई,” मी म्हणालो.

“गरज पडली तरच.”

“गरज पडली तं मी घरी जातो. या पोरी माह्या धोतराले हात लावतीन अन् मी पाहात पडू? मनगटातून जमते तं करा. नाई तं नाई.”

“डाव्या मनगटातून बघू का मग?”

डावं मनगट मी त्याला उचलून दाखवलं. तरुणपणी बैलगाडीच्या जुवाखाली चेंगरलं होतं ते. आता त्यात हाड कोणतं अन् शीर कोणती, देवालाच माहीत. डॉक्टरनं ते दाबून पाहिलं अन् मान हलवली. म्हणजे उजवा हात तेवढा उरला. डॉक्टर सुनेकडं वळला. “तुम्ही तरी समजवा यांना. हट्ट जिवावर बेतेल.”

सुनेनं पदर पुढं ओढला, भिंतीकडं तोंड केलं अन् नर्सला म्हणाली, “त्याइले सांगा, घरी पोरी वाट पाहून राह्यल्या.”

माझ्यापासून दोन हातांवर उभी होती. नर्स गोंधळली. वाकून माझ्या कानात मोठ्यानं म्हणाली, “आजोबा! घरी पोरी वाट पाहतात!”

“बह्यरा नाई मी.”

“मग त्या तुम्हाला का सांगत नाहीत?”

“मर्यादा हाय ते. तुमच्याकडं नसन.”

मी हे मोठ्या ऐटीत बोललो. तासाभरानं मी त्या टेबलावर होतो अन् माझी ऐट उतरायला सुरुवात झाली होती.

मोठ्या डॉक्टरनं उजव्या मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी बोट ठेवलं, बधिर करायची सुई दिली, मग खरी सुई. नाही लागली. पुन्हा. नाही. तिसऱ्या वेळी मला आत काहीतरी आवळल्यासारखं वाटलं, चिमट्यात धरल्यासारखं. डॉक्टर म्हणाला, “आखडली. आता तर ठोकाच लागत नाही.” मग तो दुसऱ्याशी हळू आवाजात बोलला, पण मी ऐकलं. “मांडीची तयारी ठेवा.”

मी उठायला लागलो. खरंच उठायला लागलो. छातीवर चिकटवलेल्या वायरी ताणल्या गेल्या, मशीन ओरडायला लागली, नर्सनं खांदे धरले. तेव्हाच ती डॉक्टरीण पुढं आली अन् म्हणाली, “सर, एकदा सोनोग्राफी लावून बघू द्या.” बाकी मी वर सांगितलंच आहे.

तिनं मनगटाला गार चिकट लेप लावला. दांडीला प्लास्टिकची पिशवी घातली. दांडी मनगटावर ठेवली अन् छोटा टीव्ही थोडा माझ्याकडं वळवला. मी उगाच हातपाय झाडू नये म्हणून वळवला असेल. म्हणाली, “बघा, हे तुमचं मनगट आहे आतून.”

पहिल्यांदा काही समजलं नाही. धुकं पडलेल्या वावरासारखं राखाडी राखाडी. मग तिनं दांडी इकडं तिकडं सरकवली, अन् त्या धुक्यात तीन काळे ठिपके दिसले. दोन लहान, त्यांच्या मधोमध एक गोल.

“आता मी दाबते,” ती म्हणाली. दाबलं, तशी बाजूच्या दोन ठिपक्यांची काळी तोंडं मिटून गेली, चपटी झाली. मधलं मिटलं नाही. ते तसंच गोल राहिलं, अन् उघडमीट करायला लागलं. उघडमीट, उघडमीट. पिलाच्या चोचीसारखं.

“मिटल्या त्या शिरा. ही दबली नाही ती धमनी.” डॉक्टरीण आता हसली. “तुमच्यासारखीच आहे. हट्टी.”

“हे मी हाय?” माझ्या तोंडून निघालं.

“तुम्हीच. सरांची सुई हिच्या कडेनं जात होती. बोटाला वाटतं तिथं नाहीये ती, जरा बाजूला सरकलेली आहे. म्हणून सापडली नाही.”

मी पाहतच राहिलो. सत्तर वर्षं हा हात मी वापरला. वखर धरला, तिफण धरली, बैलाची वेसण धरली, पोरांना धपाटे घातले. त्याच्या आत हे असं काही एकसारखं चाललेलं असतं अन् मला पत्ता नाही. माझ्या हुकमाशिवाय. कोणी न सांगता. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. अन् त्याच भीतीत मी तिला ते विचारलं. काऊन विचारलं, मला समजत नाही. तोंडातून गेलं.

“बाई, पोटातल्या लेकराचंही असंच दिसते का?”

ती सुई हातात घेत होती. सहज म्हणाली, “ठोके ना? हो, असंच लुकलुकतं. सगळ्यात आधी तेच दिसतं. हात-पाय मागून.”

“किती महिन्याले?”

“दीड-दोन महिन्यांतच दिसायला लागतं.”

“अन् चौथ्या महिन्यात?”

“चौथ्यात तर अख्खं लेकरू दिसतं. हात हलवतं, लाथा मारतं. का हो? घरी कोणी आहे का?”

“नाई,” मी म्हणालो. टीव्हीवर ते काळं तोंड उघडमीट करत होतं अन् मी बारा वर्षं मागं जाऊन पडलो होतो.

तेव्हा बीटी कपाशीची पहिली पहिली वर्षं होती. मी गावात सगळ्यांच्या आधी ते बियाणं लावलं. जुने लोक म्हणाले, कंपनीचं बी, घरचं नाही, भरवसा ठेवू नको. मी म्हणालो, मला शिकवू नका. पहिल्या वर्षी बोंडांनी झाडं वाकली, वेचायला माणसं पुरेनात. त्या पिशवीसोबत साध्या बियाण्याची एक लहान पुडी यायची. दुकानदार म्हणायचा, ही चारी बाजूंनी कडेला लावा. आम्ही ती उघडतही नव्हतो. जिला अळी लागणार ती कपाशी कशाला लावायची, जागा कशाला अडवायची? उकिरड्यावर टाकून द्यायचो. गावातल्या सगळ्यांनी टाकली. मी तर सगळ्यांच्या आधी. पुढं बोंडअळी आली तेव्हा शेतीखात्याचा एक माणूस पारावर येऊन म्हणाला, ती पुडी तुम्ही लावली असती तर अळी इतकी माजली नसती. आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली.

पण तेव्हा कोण ऐकतो. शेत पांढरं झालं की माणसाला वाटतं, सगळंच आपल्या मनासारखं उगवलं पाहिजे. सुनेला दोन पोरी होत्या. तिसऱ्यांदा दिवस गेले. मी म्हणालो, पाहून घेऊ. वावर पिकायला लागलं, ते कोणाच्या हाती द्यायचं? मुलानं मान खाली घातली. मी त्याला होकार समजलो. सुनेला कोणी विचारलं नाही. ती तेव्हा मोठी बोलकी होती हो. मला “मामाजी, चहा घेता का, मामाजी, आज वावरात कोनतं काम,” असं दिवसभर चालायचं. कापूस वेचताना गाणी म्हणायची, दुसऱ्या शेतातल्या बाया तिकडून साथ द्यायच्या. मीच एकदा तिला दटावलं होतं, “सून हाय का रेडिओ?”

घाट उतरून खाली एका गावात तो दवाखाना होता. गावाचं नाव लिहीत नाही, दोष गावाचा नव्हता. ओळखीच्या माणसानं आधीच सांगून ठेवलं होतं, डॉक्टर तोंडानं काही बोलणार नाही. आतून तुमच्यासाठी चहा आला तर पोरगा समजा. नाही आला तर समजा.

सून अन् आमची म्हातारी आत गेल्या. मी बाहेर बाकावर बसलो. समोर भिंतीवर निळ्या रंगात मोठी पाटी होती. मला तिथं बसून करमेना, अन् शेजारी दोन अडाणी माणसं बसलेली, त्यांना दाखवायचं होतं की मी शिकलेला आहे. म्हणून मी ती पाटी मोठ्यानं वाचली. बोट हवेत फिरवत, अक्षरं लावत. “ये-थे... ग-र्भ... लिं-ग... नि-दा-न... के-ले... जा-त... ना-ही.” शेवटचा शब्द लागला तेव्हा मला बरं वाटलं. शेजारचा म्हणाला, “वा, चांगलं वाचता.” मी पुन्हा एकदा, न अडखळता वाचून दाखवली.

चहा आला नाही.

दोन दिवसांनी तिथंच ते काम उरकलं. मी त्याला काम म्हणालो, अन् आजवर कामच म्हणत आलो. त्यानंतर तिला दिवस गेले नाहीत. अन् ती बोलायची थांबली. माझ्याशी तर थांबलीच, गाणीही थांबली. मी म्हातारीला म्हणालो, “आता सून शहाणी झाली.” म्हातारीनं माझ्याकडं पाहिलं अन् उठून गेली. ती पाहण्याची तऱ्हा मला त्या टेबलावर, बारा वर्षांनी समजली.

“सुई जातेय, हलू नका,” डॉक्टरीण म्हणाली. टीव्हीवर वरून एक पांढरा ठिपका आला, चांदणीएवढा. तो त्या काळ्या तोंडाच्या वर थांबला, थोडा दबला, अन् आत उतरला. एकाच टोच्यात. मोठा डॉक्टर म्हणाला, “वा!” मला हातात काही समजलं नाही. डोळ्यांतून मात्र पाणी वाहायला लागलं, कानात जायला लागलं.

“दुखतंय का, आजोबा?”

“हाव.”

त्यांनी बधिर करायचं औषध आणखी दिलं. मी म्हणालो नाही की तिथं दुखत नाही.

पुढचं फार लांबलं नाही. हातातून काहीतरी सरपटत खांद्याकडं गेलं, छातीत एकदम गरम पाण्याचा हंडा उपडा केल्यासारखं झालं, मोठ्या टीव्हीवर झाडाच्या मुळ्यांसारखं काही दिसलं अन् विझलं. एक मुळी अर्ध्यातच तुटलेली होती. त्यांनी ती जोडली, तिच्यात जाळी बसवली. “झालं, आजोबा,” मोठा डॉक्टर म्हणाला. “मनगटातूनच झालं. तुमचा हट्ट पुरला.”

मला वाटलं होतं, असं झालं तर मी मिशीला पीळ देईन. हात उचलला नाही.

दुपारी खाटेवर आणलं. मनगटाला प्लास्टिकचा पारदर्शक पट्टा बांधलेला, त्यात हवा भरलेली, टोच्याच्या जागी रक्त निघू नये म्हणून. नर्स थोड्या थोड्या वेळानं त्यातली हवा सोडायची. ती बजावून गेली, हा हात बिलकुल हलवायचा नाही. अन् सुनेला म्हणाली, “यांना चहा पाजा थोडा.”

चहा आला. डाव्या, चेंगरलेल्या हातानं मला कप धरवत नाही. उजवा बांधलेला. सून कप घेऊन उभी राहिली. तिथं ना उंबरा होता, ना वाजवायला ताट. शेवटी ती वाकली, भिंतीकडं पाहत कप माझ्या तोंडाला लावला. बारा वर्षांत ती इतकी जवळ आली नव्हती. मी एक घोट घेतला.

“पोरी,” मी म्हणालो. असं मी तिला कधी म्हटलं नव्हतं. “आज मशीनीत म्या पाह्यलं. हातातली नाडी. उघडमीट करत व्हती.”

कप तोंडापाशीच थांबला.

“लेकराचंही तसंच दिसते म्हने.”

तिनं कप खाली ठेवला. पदर डोक्यावरून सरकला होता, तो तिनं सारखा केला नाही. माझ्याकडं पाहिलं. सरळ. मीच नजर फिरवली असती, पण फिरवायला जागा नव्हती.

“हाव,” ती म्हणाली. “तसंच दिसते.”

“तुले दिसलं व्हतं?”

“दिसलं व्हतं. त्यानं मशीन माह्यापासून फिरवली नाई. मले काय समजते, असं वाटलं असन त्याले. बारीकसं लुकलुक करे. हात हालवला तिनं. मी इचारलं, हे काय. तो म्हने, काही नाई, पडून राह्य.”

“मंग तू तवाच बोलली काऊन नाई?”

“कोनाशी बोलू, मामाजी?” तिचा आवाज चढला नाही. शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही ऐकू गेला नसेल. “सासूबाई रडून राह्यल्या व्हत्या. अन् तुमी भाईर पाटी वाचून राह्यले व्हते. मोठ्यानं. एक एक अक्षर लावून. मले आत समदं ऐकू येत व्हतं. दोनदा वाचली तुमी.”

आयुष्यात मला साप चावला आहे, वीज पडून माझ्यासमोर बैल मेला आहे, छातीत कळ येऊन मी बांधावर पडलो आहे. पण असा मी कधी बसलो नाही, जसा त्या खाटेवर बसलो होतो. त्या पाटीचा मला अभिमान होता. खरं सांगतो, कोणी विचारलं, तुझ्या शिकण्याचा कधी उपयोग झाला, तर मला तीच पाटी आठवायची. अन् भिंतीपलीकडं, टेबलावर पडून, पोटातलं हलताना पाहत ही पोर माझं वाचन ऐकत होती. मी ज्याला बारा वर्षं मर्यादा म्हणत आलो, ज्याच्या जोरावर पारावर छाती काढत आलो, ते हे होतं.

“माह्यावालं चुकलं,” मी म्हणालो. हे शब्द मी बापासमोर म्हणालो नव्हतो, सावकारासमोर म्हणालो नव्हतो. मला वाटलं होतं ते म्हटले की काहीतरी होईल. ती रडेल, शिव्या देईल, काहीतरी.

ती म्हणाली, “हात हालवू नका. रगत निंघंल.” अन् कप धुवायला गेली.

संध्याकाळी मुलगा कार्ड घेऊन आला, दुसऱ्या दिवशी आम्ही घरी आलो. सुनेनं पुन्हा पदर ओढला अन् पुन्हा मुकी झाली. ताट उंबऱ्यावर आलं, टण् टण् वाजलं. मी जेवायला बसलो. तेच ताट, तोच चमचा, पण आता तो आवाज मला ऐकवेना.

आठवड्यानं मी पारावर गेलो. सगळे हात पाहायला जमले. मनगटावर चार बारीक ठिपके होते, मच्छर चावल्यासारखे. “एवढ्यातून जाळी गेली?” “मांडीतून काऊन नाई केलं?” मी सांगत होतो, मजा चालली होती. मग माझ्याच वयाचा, पलीकडच्या गल्लीतला एक जण म्हणाला, “पन सून मोठी गुनाची हो तुमची. दवाखान्यात चाकरी केली, पन तोंडातून शबुद नाई. मर्यादा असावी तं अशी.”

माझंच वाक्य होतं. मीच या पारावर पेरलेलं.

“मर्यादा नाई ते,” मी म्हणालो. “म्या तिच्या पोटातली पोर पाडाले लावली. घाटाखाली नेऊन. पोरगी हाय म्हून. म्हून ती बोलत नाई माह्याशी.”

मला वाटलं, आता हे उठून जातील, उद्यापासून कोणी मला राम राम घालणार नाही. पण तसं झालं नाही, अन् तोच मला दुसरा धक्का बसला. पलीकडच्या गल्लीतला तो माणूस हळूच म्हणाला, “जाऊ दे बे. कोनाच्या घरी झालं नाई?” अन् मी एकेकाकडं पाहत गेलो तर एकेकाची मान खाली. हा, तो, तो कोपऱ्यातला. सगळ्यांच्या सुना मुकाट होत्या. सगळ्यांच्या घरी मर्यादा होती.

मी तिथून उठलो. घरी येईपर्यंत माझं बोलणं माझ्याआधी घरी पोचलं होतं. पाराजवळच्या हापशावर बाया पाणी भरत होत्या, त्यांच्यात आमची धाकटी नात होती. ती माझ्या पुढं पुढं, रिकामी घागर घेऊन धावत आली होती.

मी ओसरीत बसलो. आत भांड्यांचा आवाज होत होता, मग थांबला. मला वाटलं, आज जेवण येणार नाही. योग्यच आहे, मी मनाशी म्हणालो.

मग सून बाहेर आली. ताट उंबऱ्यावर ठेवलं. चमचा तिच्या हातात होता. तिनं तो ताटात ठेवून दिला, वाजवला नाही.

“ताट ठेवलं,” ती म्हणाली.

मला म्हणाली की दारात उभ्या नातीला, मला कळलं नाही. आजही कळलेलं नाही, अन् मी विचारलं नाही. मी उठलो, उंबऱ्यापर्यंत गेलो, वाकलो अन् ताट उजव्या हातानं उचलून घेतलं.